प्रत्येक उशाशी सिस्टर

हौसाबाईंच्या लेकीने आयसीयूच्या दारातच एस्तेर सिस्टरचे हात धरले. "शेवटपर्यंत आईशी बोलत होतात तुम्ही. मी बाहेरून ऐकत होते."

एस्तेर दुपारभर खालच्या मजल्यावर होती. नव्या पद्धतीत एकच सिस्टर तीन वॉर्ड बघायची, आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी लावलेलं यंत्र तिच्या आवाजात पेशंटशी बोलायचं.

ती खाटेजवळ गेली. हौसाबाईंचे ओठ वाळून फाटले होते. ओठांना पाणी लावायचा बोळा वाटीत कोरडाच पडला होता.

"पाणी मागितलं होतं त्यांनी?"

"सारखं मागत होती. तुम्ही दर वेळी म्हणत होतात ना, देते हं मावशी."

"ती मी नव्हते," एस्तेर म्हणाली.

मागे उभे असलेले व्यवस्थापक बर्वे हळूच म्हणाले, "बघा, नातेवाइकांना फरक कळलासुद्धा नाही."

एस्तेरने यंत्र भिंतीवरून उपटलं आणि बर्व्यांच्या हातात कोंबलं. "मग आता यालाच सांगा, मावशींच्या तोंडात पाणी घालायला."

यंत्र बॅटरीवर चालू होतं. पाण्याचं नाव ऐकताच ते एस्तेरच्याच मायाळू आवाजात म्हणालं, "देते हं, मावशी."