ढोंगी हात

"डाक्टर काय न्हाई म्हणला, तर हितूनच कोहिनूरची गाडी धर. निर्ण्यात पाऊल टाकू नगंस," बीदरच्या स्टँडवर म्हाळसाबाईनं सुनेला बजावलं.

जगदेवीनं पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. कोहिनूर तिचं माहेर, निर्णा सासर. पिशवीत चार लुगडी सासूनंच भरायला लावली होती. नवरा रामलिंग पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर. एसटीडीवरून विचारलं तर म्हणाला, "आय म्हणंल तसं." लग्नात धरलेला हात दुखायला लागला, तर या गड्याला तो बघायलाही सवड नव्हती.

हमरस्त्यावरच्या धाब्याला दोघी रोज दीडशे भाकरी पुरवायच्या. सून मळायची, थापायची. सासू चुलीपुढं बसून भाजायची. दोन महिने झाले, जगदेवीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत ठणकत होता. धुणं पिळता येईना, भरला तांब्या उचलवेना. सूज नाही, जखम नाही. मग दुखणं दिसणार कुणाला?

"काम नगं म्हणून ढोंग करायलीस," सासू म्हणायची आणि तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटायची. इंगळावरची फुगलेली भाकरीही तशीच उचलायची. "बग! मी कवा कण्हले का?" गल्लीतल्या बायका त्या हाताचं कौतुक करायच्या. जगदेवीच्या अंगाची लाही व्हायची.

स्टँडवर दोघींनी चहा घेतला. स्टीलचा वाफाळता ग्लास जगदेवीनं पदरात धरला. सासूनं सरळ मुठीत.

"ह्येबी जमंना व्हय तुला?" करंगळीला चिंधी गुंडाळलेल्या हातानं तिनं चहा संपवला.

डॉक्टर वीरभद्रप्पा स्नायू-शिरांचे जाणकार. त्यांनी जगदेवीला मनगट वर उचलायला लावलं आणि वरून दाब दिला. ती कळवळली. कोपराच्या बाहेरच्या हाडावर अंगठा टेकला, तर डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेतली.

"कुठं टोचलं, सांगत जा."

"अंगठा. मधलं बोट. करंगळी." एकही चुकलं नाही.

"समदं कळायलंय की तिला!" म्हाळसाबाई कडाडली. "मंग दुखायलंय कामून?"

"टोचलेलं कळतंय, म्हणजे शीर चांगली आहे, अव्वा. थापून थापून कोपरापाशी स्नायू दुखावलाय. दीड महिना भाकरी बंद."

जगदेवीचा इतक्या दिवसांचा राग एकदम तोंडाशी आला. "ऐकलं का, आत्या? ढोंग न्हाई!"

म्हाळसाबाईचं डोकंच फिरलं. "तुमीबी तिचीच बाजू घ्यायलाव! ह्यो माजा हात बगा. साठ वर्सांत दुखला न्हाई. मलाबी टोचा, बगू तिच्यात आन् माज्यात काय फरक हाय!"

तिनं हात टेबलावर आदळला आणि डोळे घट्ट मिटले.

डॉक्टरांनी चिंधी सोडली. खाली भाजल्याच्या जुन्या-नव्या जखमा होत्या. त्यांनी तिच्या कोपराची आतली बाजू बोटांनी सावकाश चाचपली, पुन्हा चाचपली. मग नवी टाचणी काढली.

करंगळीवर रक्ताचा थेंब आला. शेजारच्या बोटावर दुसरा. जगदेवीनं तोंडाला पदर लावला.

"किती येळ बसू अशी?" म्हाळसाबाई मिटल्या डोळ्यांनीच खेकसली. "टोचा की आता!"