डबल बेल

जहाजातून रणगाडा वाळूवर उतरला तेव्हाच वायरलेस बंद पडला. समोर शत्रूने भिंती-खंदकांनी बंदिस्त केलेलं किनाऱ्यावरचं गाव होतं, पण ड्रायव्हरच्या फटीतून मला दिसत होता नुसता धूर. बाहेर रणगाड्याच्या आडोशाने चालणारा पायदळातला नाईक घाडी बंदुकीच्या दस्त्याने ठोके देऊन मला कधी थांबायचं, कधी निघायचं ते सांगत होता. त्याचा बाप एसटीत कंडक्टर. "वायरलेस गेलाच, तर पत्र्यावर एक ठोका पडला की थांब. दोन पडले की डबल बेल समज आणि सूट," त्याने जहाजावरच बजावलं होतं.

पहिल्याच वळणावर मशीनगन कडाडली. एक ठोका आला. मी थांबलो.

वरून गनर ओरडला, "घाडीच्या मांडीत गोळी लागली!"

रणगाडा हलला तर घाडीचा आडोसा जाणार होता. उभा राहिला तर मागे वाळूवर अडकलेली सगळी कंपनी मारली जाणार होती.

दोन ठोके पडले. माझा पाय क्लचवरून उठेना. पुन्हा दोन पडले, आधीपेक्षा जोरात. मी निघालो.

मशीनगन लपली होती ती भिंत पाडली, गाव घेतलं आणि धावत मागे आलो. घाडी रस्त्यातच पडून होता, पट्ट्याने मांडी आवळून. मला बघताच खेकसला,

"डबल बेल दिल्यावर गाडी उभी ठेवतात का रे?"