व्हिडिओतला गुरू

लग्न उद्यावर आलं, म्हणून नवरदेव नव्या फॅशनचे केस कापून घ्यायला खुर्चीत बसला. न्हाव्याने आरशाला मोबाइल टेकवला आणि व्हिडिओ लावला. नवरदेवाने मान वळवली.

“मामा, यात बघून कापणार?”

“अरे, गुरूवाचून विद्या नाही!”

व्हिडिओतल्या गुरूचा हात चालेल तशी न्हाव्याची कात्री चालली. डावी बाजू पार सपाट झाली, तेव्हा गुरू हसून म्हणाला, “तर मित्रांनो, आत्ता दाखवलेली चूक तुम्ही कधीच करू नका.”

न्हाव्याची कात्री हवेतच थांबली. तेवढ्यात जाहिरात लागली. ती घालवायला त्याने घाईने बोट पुढे केलं, तर नवरदेवाने त्याचं मनगटच धरलं.

“हात लावू नका, मामा! केसांच्या टोपाची आहे. फोन नंबर येऊ द्या.”