मुशीच्या पोटातला जंत

बाळंतीण सुनेला दूध यावं म्हणून गंगूने मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, आणली. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये सिंकपाशी तिने मुशीचं पोट फाडलं, तेव्हा आतड्यातून फितीसारखा पांढरा, चपटा जंत निघाला. मुशीत असतातच असले. तिने तो ओट्यावर फेकला. हळूहळू तो निपचित झाला.

"आई, बाळ श्वास घेत नाय!" आतून सून अमिता किंचाळली.

गंगू दचकली आणि तिच्या हातून मासे धुवायच्या मिठाच्या पाण्याचं पातेलं ओट्यावर कलंडलं. भिजताच जंत वळवळला, आणि आत बाळ रडलं.

तिने जंत वाटीत घेतला, वर मिठाचं पाणी ओतलं. तरी तो मंदावत गेला, आणि बाळाचं रडणंही. मुलगा कल्पेश रिक्षा आणायला धावला होता, तो अजून आला नव्हता.

"अवो, पोराचा जीव ह्याच्यात हाय. काय करू मी?"

जन्मभर दर्यावर गेलेला तिचा नवरा बाळाराम वाटीकडे बघतच राहिला.

"पोटाबाहेर तो जगत नाय, गंगू."

वाटीतली वळवळ थांबली. अमिताने हंबरडा फोडला.

गंगूने डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली.

आतल्या खोलीत बाळ अधाशासारखं लुचू लागलं. गंगूच्या पोटातही काहीतरी लुचू लागलं, त्याच लयीत.