जोडीची केबल

प्रवासाच्या नवव्या दिवशी ऐन चढणीवर तिच्या मोटरसायकलची क्लचकेबल तुटली. ना गाव, ना माणूस. “एकटीनं देश पालथा घालायचाय ना? मग गाडी बंद पडली की मला फोन करायचा नाही!” गॅरेजवाला दादा निघायच्या आधी तडकला होता. तेव्हापासून दोघांत अबोला. शेवटी नाक मुठीत धरून तिनं फोन लावला. “दादा, क्लचकेबल तुटली.” “टाकीखाली बघ.” जुन्या केबलला लागूनच नवीकोरी केबल होती, तेल पाजलेली, त्याच्या जुन्या शर्टाच्या चिंध्यांनी जागोजागी बांधलेली. फक्त टोकं अडकवायची बाकी होती. तिनं एका चिंधीवरून बोट फिरवलं. “अरे, आधी सांगायचंस तरी!” “कसं सांगणार? आपण बोलत कुठे होतो?” डोळे पुसताना तिला हसू फुटलं. “आता आणखी काही तुटलं तर?” पलीकडे पान्यांचा खडखडाट थांबला. “फोन कर. नाही तुटलं, तरी कर.”