एकशे सत्ताविसावी कडी

दुपारच्या जेवणानंतर बाबांनी ओट्यावर सतरंजी टाकली, चष्मा पुसला आणि फिलोमिनाकडे हात केला. "आण गं पुढचा ताव."

तिने ताव दिला. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातले एक प्रोटीन. एकशे एकोणतीस अमिनो आम्ले, एकापुढे एक जोडलेली. प्रत्येकाची जागा सांगणारे तीन-तीन आकडे तिने स्वतःच्या हाताने तावांवर उतरवले होते. ही साखळी गुंडाळून तिचा गोळा होतो, तेव्हा एकमेकांपासून दूरची कोणती दोन आम्ले जवळ येतात, ते शोधायचे होते. अणूंच्या मापाने, सात अँगस्ट्रॉमच्या आत अंतर आले की त्या जोडीच्या चौकोनात टिंब, नाहीतर फुली. आठ हजारांवर चौकोन. जूनमध्ये तक्ता पुण्याला पीएच.डी.च्या गाइडपुढे ठेवायचा होता. टिंबे चुकली तर दोन वर्षांचे काम गेले.

"साखळी मी तीस वर्षं ओढली," बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. "गोळा करून पिशवीत टाकली की पहिली कडी नव्वदाव्या कडीला लागतीच. ह्यात काय अवघड हाय?"

त्यांना ते अवघड जात नव्हते, हेच तिला खटकत होते. तिचे तासाला तीस चौकोन होत, त्यांचे शंभराच्या वर. फुलीमागून फुली. बाजूच्या कागदावर आकडेमोड जवळजवळ नाहीच.

"बाबा, न मोजताच फुली?"

"एका अंगाला सातापेक्षा जास्त फरक दिसला, मग पुढचं मोजून काय दिवे लावायचे?"

उत्तर बरोबर होते. तरी ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिने ताव ओढून घेतला आणि एकच चौकोन शोधला. सहावे आम्ल आणि एकशे सत्ताविसावे. ही दोन गंधकाच्या बंधाने एकमेकांना जखडलेली असतात, तसे छापून आलेले होते. तिथे टिंब यायलाच हवे. बाबांना हे ठाऊक नव्हते. तिने मुद्दामच सांगितले नव्हते.

चौकोनात फुली होती.

तिने तिथले आकडे पुन्हा मोजून पाहिले नाहीत. तिला गरज वाटली नाही.

बाबा परत आले. ताव जागचा हलला होता.

"तपासतीस व्हय?"

"नाही. वाऱ्याने सरकला."

मे महिन्याची दुपार. झाडाचे पान हलत नव्हते. बाबा तावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिलू, एकशे सत्तावीसचे आकडे नीट उतरवलेस ना?"

"दोनदा ताडून."

"मग ऱ्हाऊ दे."

आता चूक माझ्यावर ढकलतायत, तिच्या मनात आले.

दिवस कलल्यावर तिने सगळे ताव गोळा केले. "बाबा, पुण्याहून पत्र आलंय. उरलेलं सगळं मशीनवर करून देणारेत. तुम्ही नका आता डोळे शिणवू."

"कधी आलं?"

"सकाळी. तुम्ही बाजारात गेला होतात."

बाबांनी पेनाला टोपण लावले. "बरं झालं. मशीनला चष्मा लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये मिस्साला जायला ते उठले नाहीत.

पाचव्या दिवशी, मातीला आलेले शेवटचे पाहुणे संगमनेरच्या स्टँडवर पोहोचवून आल्यावर, तिने गठ्ठा सोडला. बाबांचा प्रत्येक चौकोन आता पहिल्यापासून मोजावा लागणार होता.

शेवटचा ताव तिने उलटा केला. मागे त्यांचे बारीक, ताठ अक्षर. एक ते दोन, ३.८. दोन ते तीन, ३.८. तीन ते चार, ३.८. ओळीने लागून असलेल्या आम्लांमधले अंतर कायम तेवढेच असते, हे तिने त्यांना कधी सांगितले नव्हते. त्यांनी ते स्वतःच ताडले होते आणि त्यावरून तिची सगळी साखळी कडीकडीने तपासली होती. पानभर ३.८. फक्त एकशे सव्वीस ते सत्तावीस, ११.२, आणि सत्तावीस ते अठ्ठावीस, १०.२.

खाली लिहिले होते: 'क्र. १२७ ची नोंद चुकीची वाटते. लिहिणाऱ्यास विचारावे. दुसऱ्याच्या हातची नोंद आपण बदलू नये. १३/५/७२.'

तिने ट्रंकेतून मूळ छापील कागद काढले. एकशे सत्ताविसाव्या ओळीत २१.६ होते. तावावर तिने लिहिले होते ३१.६.

समोरच्या आक्काबाई ताट झाकून घेऊन आल्या आणि उंबऱ्यालगत टेकल्या. "दोन घास खा गं. कागुद काय पळून जात न्हाईत."

फिलोमिना छापील ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"शनवारी सांजंला त्यो छगन पोस्टमन इथनं घरी चालल्ता. तुज्या बाबांनी हाक मारून थांबवला. म्हनले, सकाळी आमच्या फिलूचं टपाल दिलंस का? त्यो म्हनला, न्हाई, चार दिस झालं तुमच्याकडं कायबी न्हाई. मग लई येळ वट्यावरच बसून हुते. मी इचारलं, काय झालं, तर म्हनले, काय न्हाई." आक्काबाईंनी ताट पुढे सरकवले. "आलं हुतं ना गं पत्र?"

फिलोमिनाने ताव पालथा ठेवला.

"नव्हतं आलं, आक्काबाई. बाबा न मोजता मनानंच फुल्या मारतात, असं वाटलं मला."