वॉर्ड चालतोय

संचालक माईकसमोर उभे राहून मोठ्या सिस्टरांचं कौतुक करत होते, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या सिस्टरांचा जीव वॉर्डात अडकला होता. वॉर्डात चिमणी, त्यांच्या हाताखालची सगळ्यात धाकटी नर्स, एकटी होती. सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता, आणि विचारायला वेळ झाला नव्हता.

सगळं हॉस्पिटल त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणायचं. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाच्या त्या प्रमुख. दोन वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा त्यांच्या हाताखाली बारा जणी होत्या. एक साथीतच गेली. काही परदेशी गेल्या, एकीला नवऱ्याने आता बास म्हणून घरी बसवलं. राहिल्या पाच. त्यांनाही जायचंच होतं, पण मोठ्या सिस्टरांकडे बघून त्या थांबल्या. कारण या बाईने हातपाय गाळलेले कोणी पाहिले नव्हते. "बघू, करू काहीतरी," एवढंच म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

आणि खरंच काहीतरी करायच्या. आठ तासांची ड्यूटी बारा तासांची झाली. डबा उभ्याउभ्या खायची सवय लागली. सलाईन संपत आलं की हाक मारायची, हे त्यांनी नातेवाइकांना शिकवलं. जरा बऱ्या झालेल्या पेशंटकडून शेजारच्याला पाणी पाजून घेतलं. स्वतःची पाठ पार कामातून गेली. नवरा गमतीने म्हणायचा, "तू मेलीस तरी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर असशील." पूर्वी दोघंही हसायची. हल्ली तोही हे वाक्य हसून म्हणत नव्हता.

अधूनमधून त्या वर ऑफिसात जाऊन माणसं मागायच्या. "जरा कळ काढा," असं उत्तर मिळायचं. त्यांनी कळ काढली. पोरींनाही काढायला लावली.

"या वॉर्डाला संकटाने घडवलं," संचालक म्हणाले. "बारा जणींचं काम पाच जणी करतात, आणि आजवर एक तक्रार नाही. याला म्हणतात नेतृत्व. पाच जणी पुरतात, हे मोठ्या सिस्टरांनी आपल्याला करून दाखवलं आहे. तेव्हा तिथल्या रिकाम्या जागा आता भरायच्या नाहीत, असं ठरलंय. पुढच्या महिन्यापासून बाकीचे वॉर्डही याच पद्धतीने चालवू."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगांमधल्या टाळ्या मात्र मध्येच विरल्या. तिथे बाकीच्या वॉर्डांच्या प्रमुख बसल्या होत्या.

मोठ्या सिस्टर स्टेजवर गेल्या. हातात काचेचं सन्मानचिन्ह आलं. "थँक्यू, सर," त्या म्हणाल्या. तोंडातून गेलंच ते, सवयीने. खाली उतरताना त्यांना वाटलं, त्या दोन शब्दांनी आपण सही करून दिली.

जिन्यात मुलांच्या वॉर्डाची प्रमुख भेटली. दोघींनी नोकरीला एकत्रच सुरुवात केली होती.

"एकदा तरी नाही म्हणायचंस गं," ती म्हणाली. रागाने नाही, थकून म्हणाली, आणि पुढे निघून गेली.

वॉर्डात चिमणी एका पलंगाशी इंजेक्शन घेऊन उभी होती. पेशंटने बाही वर केली होती. मोठ्या सिस्टरांनी एकदा पेशंटकडे पाहिलं, एकदा औषधाच्या बाटलीकडे, आणि चिमणीचा हात धरला. ते इंजेक्शन शेजारच्या पलंगाचं होतं. चिमणीचा हात चटका बसावा इतका तापला होता.

"कधीपासून आहे ताप?"

"कालपासून." चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ता काय करून बसले असते मी. मला नाही जमत हो, मोठ्या सिस्टर. तुमच्यासारखं खंबीर व्हायला नाही जमत."

"आलीस कशाला मग?"

"तुम्हीच म्हणता ना, कळ काढायची."

मोठ्या सिस्टरांनी इंजेक्शन तिच्या हातातून काढून घेतलं. सन्मानचिन्ह खिडकीत ठेवून दिलं. कपाळाला हात लावून बसावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पण बसायला खुर्ची रिकामी नव्हती. त्यांनी चिमणीची पर्स काढून तिच्या खांद्याला अडकवली. "घरी जा. बरी झाल्याशिवाय येऊ नकोस."

"मग इथे कोण?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कॅज्युअल्टीचे डॉक्टर होते.

"मोठ्या सिस्टर, तीन पेशंट वर पाठवतोय. पलंग आहेत ना?"

समोर तीन पलंग रिकामे होते. चादरी त्यांनीच सकाळी घातल्या होत्या.

"पलंग आहेत," त्या म्हणाल्या. "पण पाठवू नका."

"अहो, मी कुठे ठेवू त्यांना? एक तर फार अत्यवस्थ आहे."

"मला माहीत नाही, डॉक्टर."

"असं काय करता? तुमचं नाव घेतलं की आम्ही निर्धास्त असतो. इतके दिवस तुम्ही करतच होतात ना?"

चिमणी दारापाशी थबकली होती. मोठ्या सिस्टरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"नव्हतो करत," त्या म्हणाल्या. "परवा कोपऱ्यातले आजोबा गेले. कधी गेले ते आम्हाला माहीत नाही. दुपारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा कळलं."